चित्रावरून माग चालत नाही
डेटाबेसचा अहवाल प्रोग्रामरच्या कामाचा कसा करावा?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील कापडाच्या धंद्यात लाल पुठ्ठ्याची वही अजूनही दिसते. पण तिचे राज्य आता उरलेले नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि बिल, चलन, विवरणपत्र ही सारी कामे संगणकाकडे गेली. लहान दुकानदार बाजारात मिळणारा हिशेबाचा तयार प्रोग्राम घेतो आणि त्याचे भागते. परंतु ज्याचा माल सूत, सायझिंग, माग, प्रोसेस हाऊस आणि मग गोदाम असा पाच ठिकाणी फिरतो, त्याचे समाधान तयार प्रोग्रामने होत नाही. तो आपल्या कामाच्या मापाचा प्रोग्राम बनवून घेतो. आणि इथेच तो एका अडचणीत सापडतो, जिच्याविषयी आपल्या बाजारात फारसे कोणी बोलत नाही.

अडचण अशी की, या कामात दोन प्रकारची माणसे असतात. एक आराखडा करणारा. तो पेढीवर येतो, चार दिवस प्रश्न विचारतो आणि महिनाभराने चाळीस-पन्नास पानांचा अहवाल पाठवतो. दुसरा प्रोग्रामर, तो त्या अहवालावरून प्रत्यक्ष प्रोग्राम लिहितो. अहवाल आला की व्यापारी समजतो, निम्मे काम झाले. पण प्रोग्रामरची मुले अहवाल उघडतात आणि म्हणतात, "शेठ, यावरून काम करता येत नाही, पुन्हा समजावून सांगा." अहवाल तयार असताना पुन्हा काय समजवायचे? पैसा दोनदा जातो, वेळ दोनदा जातो आणि शेवटी दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

आम्ही कापडाच्या धंद्यातील माणसे. शिक्षण उर्दू माध्यमात झालेले, संगणकाची पदवी आमच्याकडे नाही. तरीही आमच्या पेढीचे असे काम आम्ही शेजारी बसून करून घेतले आहे आणि त्यात जे ध्यानात आले ते व्यापारी व कारागीर बंधूंपुढे ठेवीत आहोत.

अहवालात काय असते?

संगणकात माहितीचे जे कोठार असते त्याला डेटाबेस म्हणतात. धंद्यातील बहुतेक डेटाबेस आजही त्या पद्धतीवर चालतात, जी आय.बी.एम. कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. सर्व माहिती टेबलांत ठेवायची. टेबलाला रकाने आणि ओळी. आणि एका टेबलातील ओळ दुसऱ्या टेबलातील ओळीशी ओळख क्रमांकाने जोडायची. वही ठेवणाऱ्याला यात परके काही नाही. रोजमेळीतील नोंदीसमोर खतावणीचे पान लिहायची रीत हीच. पुढे १९७६ साली पीटर चेन यांनी हा आराखडा चौकटी आणि रेषांच्या चित्राने दाखवण्याची पद्धत दिली. आज अहवालात जी चित्रे येतात ती तिचीच मुलेबाळे.

ही चित्रे मालकाला समजावण्यासाठी उत्तम. "पार्टी" नावाची चौकट, "चलन" नावाची चौकट, मध्ये रेषा. पण प्रोग्रामरला संगणकाला हुकूम द्यायचा असतो आणि संगणक चित्र ओळखत नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर साडीचे चित्र हाती दिले म्हणून कारागीर माग लावू शकत नाही. त्याला ताण्याचे तार किती, रीड कोणती, पीक किती, सूत कोणत्या नंबरचे, पन्ना किती, हे लागते. जॅकार्ड असेल तर ते चित्र आधी ग्राफच्या कागदावर चौकोनाचौकोनाने उतरवावे लागते आणि त्यावरून कार्डे पंच करावी लागतात. चित्र आणि माग यांच्यामधले हे ग्राफ कागदाचे काम डेटाबेसमध्येही आहे. ते कोणी करायचे हे करारात लिहिलेले नसते, म्हणून ते कोणीच करीत नाही.

एका "मीटर"ची किंमत

हे काम न झाल्यास काय होते, याचा एकच दाखला देतो. आमच्या अहवालात "ताका" या टेबलात एक रकाना होता: "मीटर". बस, एवढेच. आता कापडवाल्याला ठाऊक आहे की मीटर दोन असतात. मागावरून उतरलेल्या ग्रे कापडाचे मीटर वेगळे आणि प्रोसेसहून परत आलेल्या तयार कापडाचे वेगळे, कारण मध्ये घट जाते. प्रोग्रामर मुलगा काही मागावर वाढलेला नव्हता. त्याने तयार मालाचे मीटर घेतले आणि त्यावरच मागवाल्याच्या मजुरीचा हिशेब लावला.

समजा, मागवाल्याने १,००० मीटर ग्रे कापड दिले. कापड ५२ पिकाचे, दर पिकाला १० पैसे. म्हणजे मीटरला ५ रुपये २० पैसे, मजुरी ५,२०० रुपये. प्रोसेसमध्ये ६ टक्के घट जाऊन माल ९४० मीटर परत आला. नव्या प्रोग्रामच्या हिशेबाने मजुरी झाली ४,८८८ रुपये. एका लॉटमागे ३१२ रुपये कमी, आणि अशा वीस लॉटवर ६,२४० रुपये. घट प्रोसेसची आणि कापले गेले विणणाऱ्याचे!

चाचणीच्या महिन्यात एक मागवाला खिशातील छोटी डायरी घेऊन आला आणि त्याने ओळीला ओळ लावून हा फरक दाखवला. त्याला लगेच पूर्ण रक्कम मिळाली. पण ज्याच्याकडे डायरी नाही त्याचे काय? संगणकाने छापलेल्या कागदावर गरीब माणूस सहसा वाद घालत नाही. तो समजतो, मशीन चुकत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, रकान्याचा अर्थ लिहून ठेवणे हे केवळ संगणकवाल्यांचे काम नाही. ते कुणाच्या तरी हक्काच्या पैशाचे काम आहे.

रकान्यांची फेहरिस्त

तर ग्राफ कागद म्हणजे नेमके काय? पहिली गोष्ट, प्रत्येक टेबलाची एक फेहरिस्त. संगणकवाले तिला डेटा डिक्शनरी म्हणतात. ती पीडीएफमधील चित्र म्हणून नको, एक्सेलसारख्या तक्त्यात हवी, म्हणजे प्रोग्रामरला ती उचलून वापरता येईल. चित्रावरून हाताने पुन्हा टाइप करू लागला की एका ठिकाणी "पार्टी" आणि दुसऱ्या ठिकाणी "पार्टि" होणारच. तक्त्यात एका ओळीला एकच रकाना आणि त्यापुढे सात गोष्टी: रकान्याचे नाव, साध्या भाषेत अर्थ, एकक, प्रकार म्हणजे आकडा, अक्षरे की तारीख, भरणे सक्तीचे आहे की नाही, कोणती किंमत चालते, आणि एक खरा नमुना.

आमच्या "मीटर"चे त्यात दोन रकाने झाले. "ग्रे_मीटर": मागावरून उतरल्यावर मोजलेली लांबी, मजुरी यावरच; एकक मीटर; आकडा, दोन दशांश; सक्तीचा; शून्याहून अधिक; नमुना १०२.५०. आणि "तयार_मीटर": प्रोसेसहून आल्यावर मोजलेली लांबी, माल परत येईपर्यंत कोरा. एवढ्या दोन ओळी आधी असत्या तर वरचा घोळ झालाच नसता.

सातही गोष्टी का हव्यात हे आपल्याच धंद्यातून पाहा.

एकक: सुताचा नंबर ६० लिहिला. ६० काय? सुती काउंट असेल तर ६० हे ४० पेक्षा बारीक. डेनिअर असेल तर ६० हे ४० पेक्षा जाड. एकच आकडा, अर्थ उलटा.

प्रकार: दुहेरी सूत आपण २/२० असे लिहितो. एक्सेल त्याला तारीख समजून फेब्रुवारी करून टाकते. तेव्हा हा रकाना अक्षरांचा, असे लिहूनच द्यावे लागते. राज्याचा संकेतांकही तसाच. महाराष्ट्राचा २७, गुजरातचा २४, पण राजस्थानचा ०८. आकडा म्हणून ठेवला की पुढचे शून्य गळते आणि भिलवाड्याच्या पार्टीचा संकेतांक नुसता ८ राहतो. रुपयांसाठी तर "डेसिमल" हाच प्रकार सांगावा. "फ्लोट" प्रकारात संगणक दशांश अंदाजे साठवतो आणि मोठ्या बेरजेत पैशांचा फरक निघू शकतो.

कोरे की शून्य: "घट" या रकान्यात माल परत येण्यापूर्वी काय असावे? शून्य ठेवले तर अर्थ होतो "घट गेलीच नाही", आणि महिन्याची सरासरी खोटी पडते. कोरे ठेवले तर अर्थ होतो "अजून मोजले नाही". फरक लहान दिसतो. पण कोणत्या प्रोसेस हाऊसकडे माल द्यावा हा निर्णय त्याच सरासरीवर होतो.

चालणारी किंमत: जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा, पहिली दोन राज्याची, पुढची दहा पॅनची. ही अट फेहरिस्तीत लिहिली तर प्रोग्रामर ती डेटाबेसमध्येच बसवतो आणि चौदा अक्षरांचा क्रमांक आत शिरूच शकत नाही.

रेषांची वाक्ये करा

दुसरी गोष्ट, चित्रातील प्रत्येक रेषेचे साध्या मराठीत एक वाक्य करा आणि ते वाक्य काम जाणणाऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. आमच्या चित्रात "ताका" आणि "चलन" यांच्यामध्ये एक रेषा होती. तिचे वाक्य झाले: "एका चलनावर अनेक ताके असतात, एक ताका एकाच चलनावर असतो." आमच्या गोदामातील जुन्या माणसाने ऐकताच मान हलवली. तो म्हणाला, ताका मागवाल्याकडून येतो तेव्हा एक चलन, प्रोसेसला जातो तेव्हा दुसरे. मग एकाच चलनावर कसा? आणि पुढे त्याने आणखी महत्त्वाचे सांगितले: प्रोसेसमध्ये ताके टोकाला टोक शिवून सलग चालवतात आणि नंतर वेगळ्याच मापाने कापतात. तयार माल परत येतो तेव्हा जुना ताका ओळखू येत नाही, फक्त लॉट ओळखू येतो.

या दोन वाक्यांनी आराखड्याचे तीन टेबल बदलले. ताका आणि चलन यांना जोडणारे एक वेगळे टेबल आले, आणि तयार मालाचा धागा ताक्याऐवजी लॉटला बांधला गेला. चित्र पाहून हे कोणी सांगितले नसते, कारण चित्र आमच्या गोदामवाल्याला वाचता येत नव्हते. वाक्य मात्र त्याला समजले. प्रोग्रामरलाही तेच वाक्य हवे असते.

ओळख कशाने पटवायची, हेही वाक्यात लिहा. आपल्या वस्त्यांत एका नावाची दहा माणसे सापडतात. आणि एकाच माणसाचे नाव कुठे मोहम्मद, कुठे मुहम्मद, कुठे नुसते मोहं. असे लिहिले जाते. म्हणून नाव ही ओळख नव्हे. प्रत्येक पार्टीला स्वतंत्र क्रमांक हवा. तसेच बिलाचा क्रमांक. जीएसटीच्या नियमाप्रमाणे तो आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो आणि १६ अक्षरांच्या आत असावा लागतो. १ एप्रिलला पुन्हा १ पासून सुरू करणारे पुष्कळ आहेत. अशा वेळी नुसता बिल क्रमांक ओळख ठरत नाही. वर्ष आणि क्रमांक मिळून ओळख होते. अहवालात हे नसेल तर दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या बिलालाच प्रोग्राम अडून बसतो.

ज्यांच्या कच्च्या वह्या उर्दूत आहेत त्यांनी आणखी एक ओळ घालावी: नावे उर्दू आणि मराठीतही साठवायची आहेत. मायएसक्यूएल नावाचा प्रसिद्ध डेटाबेस २०१८ च्या ८.० आवृत्तीपूर्वी न सांगता नुसती रोमन वळणाची अक्षरे धरून चाले, आणि आपली अक्षरे प्रश्नचिन्हे होऊन बाहेर पडत. आज सोय आहे, पण जुन्या कोठारावर काम चालू असेल तर सांगितलेले बरे.

आधी काय, मग काय

तिसरी गोष्ट, क्रम. डेटाबेसमध्ये चलनाचे टेबल पार्टीच्या टेबलाकडे बोट दाखवते. पार्टीचे टेबलच नसेल तर संगणक चलनाचे टेबल बनवू देत नाही. अहवालात टेबले बहुधा अक्षरांच्या क्रमाने छापलेली असतात, त्यामुळे चलन आधी येते आणि पार्टी नंतर. तेव्हा क्रम लावून द्यावा: आधी पार्टी, कापडाचा प्रकार आणि कराचा दर, मग लॉट आणि चलन, मग ताका, शेवटी जोडणारी टेबले. या क्रमाने हुकूम लिहिलेली एक साधी फाइल, तिला स्क्रिप्ट म्हणतात, आराखडा करणाऱ्याकडूनच मागून घ्यावी. आराखड्याच्या अनेक सॉफ्टवेअरांत ती एका बटणावर निघते. चाळीस पानांच्या पीडीएफपेक्षा ही फाइल प्रोग्रामरला शंभर पटीने उपयोगी. ती रिकाम्या संगणकावर चालवून पाहावी. न अडता चालली तर आराखडा निदान आपल्याशी तरी सुसंगत आहे असे समजावे.

रकान्याचा अर्थ त्या फाइलमध्येच शेरा म्हणून घालता येतो. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या दोन्ही डेटाबेसांत रकान्यासोबत शेरा साठवण्याची सोय आहे. मग कागद हरवला तरी अर्थ कोठारातच राहतो, आणि पाच वर्षांनी येणारा नवा मुलगा "ग्रे_मीटर म्हणजे काय?" असे विचारत बसत नाही.

नमुन्याच्या दहा ओळी

चौथी गोष्ट, प्रत्येक टेबलासाठी खऱ्या वहीतून दहा ओळी. नावे आणि मोबाइल क्रमांक बदलून द्यावेत, पण व्यवहार खरे असावेत. आणि सरळ व्यवहारांपेक्षा वाकडे अधिक असावेत. अर्धा माल परत आलेला लॉट. वटाव कापून चुकते केलेले बिल. सूत आमच्याकडून घेणारा आणि कापडही आम्हालाच विकणारा, एकच माणूस दोन्ही बाजूंना. जॉबवर दिलेला माल परत यायला अकरा महिने लागलेले चलन. कारण जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे असा कच्चा माल साधारणपणे एका वर्षात परत यावा लागतो, आणि चलनाची तारीख सक्तीची नसेल तर हे वर्ष कुठून मोजणार?

कराच्या दराचा नमुनाही असाच द्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मानवनिर्मित धाग्याच्या सुतावरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ज्यांच्या प्रोग्राममध्ये दराचा एकच रकाना होता, त्यांनी १२ खोडून ५ लिहिले की जुने बिल पुन्हा छापताना त्यावरही ५ येण्याचा धोका. ज्यांच्या आराखड्यात "दर, कधीपासून, कधीपर्यंत" असे तीन रकाने होते, त्यांनी एक नवी ओळ घातली आणि काम झाले. नमुन्यात ऑगस्टचे एक बिल आणि ऑक्टोबरचे एक बिल दिले की प्रोग्रामरला न सांगताच कळते.

बदलाची नोंद

पाचवी आणि शेवटची गोष्ट. अहवाल छापला त्या दिवसापासून तो जुना होऊ लागतो. काम चालू असताना रकाने वाढतात, नावे बदलतात. बदल फोनवर सांगितला तर तो अर्ध्यांनाच कळतो. म्हणून फेहरिस्तीच्या शेवटी एक पान बदलांचे ठेवावे: तारीख, काय बदलले, का बदलले, कोणी सांगितले. स्क्रिप्टची फाइल गिटसारख्या व्यवस्थेत ठेवली तर प्रत्येक बदल नोंदवून ठेवता येतो. आणि तीन महिन्यांनी एकदा प्रोग्रामरला सांगावे की, चालू डेटाबेसमधूनच टेबलांची यादी काढून फेहरिस्तीशी ताडून दाखव. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस यांसारख्या डेटाबेसांत "इन्फर्मेशन स्कीमा" नावाची जागा असते. कोणती टेबले आणि कोणते रकाने आहेत हे तिथून कळते. गोदामातील माल आणि वहीतील माल आपण जसा ताडून पाहतो, तसेच हे.

व्यापारी बंधूंनी काय करावे?

करार करतानाच लिहून घ्यावे की चित्रांच्या अहवालासोबत चार वस्तू हव्यात: तक्त्यातील फेहरिस्त, क्रमवार स्क्रिप्ट, रेषांची वाक्ये आणि बदलांचे पान. शेवटचा हप्ता या वस्तू हाती आल्यावरच द्यावा. नमुन्याच्या ओळी मात्र आपण स्वतः द्यायच्या, कारण त्या दुसऱ्या कोणाकडे नाहीत. फेहरिस्तीतील "अर्थ" आणि "एकक" हे दोन स्तंभ मुनीम, गोदामवाला आणि एखादा मागवाला यांना शेजारी बसवून भरावेत. दोन दिवस जातील. ते दोन दिवस कोणी मजुरीत धरत नाही, पण पुढचे दोन महिने त्यांनीच वाचतात.

आपल्या बिरादरीतील पुष्कळ मुले आता संगणकाचे शिक्षण घेऊन पुण्या-मुंबईत नोकऱ्या करीत आहेत. त्यांना मागाचा आवाज लहानपणापासून ठाऊक आहे. पीक म्हणजे काय, घट कशी जाते, ताका कुठे शिवतात हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. चित्र आणि माग यांच्यामधले हे ग्राफ कागदाचे काम ज्याला दोन्ही बाजू कळतात त्यालाच चांगले जमते. अशा मुलांना सुटीत पेढीवर बोलवा, अहवाल त्यांच्यापुढे ठेवा आणि त्यांच्या वेळेचा योग्य मोबदला द्या. प्रोग्राम कोणीही लिहो. "मीटर" म्हणजे कोणते मीटर, हे मात्र आपल्याच घरातून सांगितले गेले पाहिजे.